मोटरीच्या गळ्यातली दोरी

"पंडितजी, मोटर पानी में गिर गई," फोनवरचा माणूस म्हणाला.

"निकाली?"

"निकाल ली. धूप में सुखा रहे हैं."

"तो वापस पानी में डाल दो."

पलीकडे तो कोणाला तरी हळूच सांगताना ऐकू आला, "पंडितजी की तबीयत ठीक नहीं लग रही."

माझी तब्येत ठीक होती. बुडालेल्या मोटरीचं नुकसान पाण्यानं होतं त्याहून जास्त बाहेरच्या हवेनं होतं. ओल्या पोलादाला हवा लागली की आतून गंज धरायला सुरुवात होते. ताबडतोब दुरुस्तीला नेता येत नसेल, तर ती स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवावी आणि पिंपासकटच आणावी. ते लोक दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिंप घालून आले. सदर बाजारातून ती वरात निघाली तेव्हा चहावाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळे दारात उभे. मोटर वाचली. तिला नावेच्या मागच्या फळीला आवळणारे स्क्रू त्यांनी हातानं कसेबसे फिरवले होते आणि वर साखळीही लावली नव्हती. म्हणून ती चालता चालता सुटून पाण्यात गेली. मी साखळी लावून दिली आणि रात्रभर विचार करत बसलो, की मागच्या खेपेला ही साखळी मीच का लावून दिली नाही.

माझा स्वभावच असा आहे. बेतवा नदीच्या पाण्यावर कुठेही काही बिघडलं की मला वाटतं, यात माझा हात असणार. बायको म्हणते, "अहो, धरणाचा दरवाजा अडकला तरी तुम्हीच माफी मागायला जाल." तिचं खोटं नाही.

पुण्याचे नातेवाईक विचारतात, झाशीत बोटीच्या मोटरी कसल्या? त्यांना झाशी म्हणजे किल्ला आणि मे महिन्यातली लू, म्हणजे भाजणारा वारा, एवढंच ठाऊक. पण आमच्या आसपास नदीवर धरणं आहेत, आणि धरणामागं कोसभर पसरलेलं पाणी आहे. त्यात मासेमारीचे ठेके चालतात. पाण्यापलीकडे गावं आहेत, त्यांना बाजारात, शाळेत, दवाखान्यात यायचं तर नाव हवी, नाहीतर धरणाला वळसा घालणारा लांबचा रस्ता. आमचं दुकान वडिलांपासून पंपसेट दुरुस्तीचं. गरौठा, मऊरानीपूरकडून शेतकरी पंप घेऊन येत. एका ठेकेदारानं एकदा एक बंद बोटमोटर आणून टाकली, मी ती उघडली, आणि त्यातच अडकलो.

आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी कारभाराच्या निमित्तानं इकडे आलं. घरात मराठी आहे, पण ती उंबऱ्याच्या आतली. मुलगी माझं मराठी समजते आणि उत्तर हिंदीत देते. बाहेर आम्ही सगळे 'पंडितजी'. हातावर ग्रीस असलं तरी पंडितजी. त्या एका शब्दानं पुढं काय केलं तेच सांगायचं आहे. त्याआधी मोटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो.

ही छोटी मोटर नावेच्या मागच्या फळीला बाहेरून लटकते. वर इंजिन, मध्ये लांब पाय, खाली पाण्यात पंखा. पुढं आलेल्या हँडलनं दिशाही वळते आणि वेगही. जुन्या पद्धतीच्या मोटरीत पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. ते कमी पडलं तर इंजिन घासून मरतं, जास्त झालं तर धूर ओकतं. इंजिन थंड ठेवायला ती नदीचंच पाणी ओढते आणि पाठीमागच्या भोकातून बारीक धार सोडते. धार दिसली म्हणजे सगळं ठीक. धार थांबली की आधी इंजिन बंद करायचं आणि मग पाणी ओढायच्या तोंडाशी जलपर्णी अडकली आहे का ते बघायचं. कोरड्या जमिनीवर तर ती चालवूच नये. आत पाणी ओढणारा छोटा रबरी पंखा असतो, तो पाण्यावाचून क्षणात जळतो. एका गृहस्थानं जावयाला दाखवायला अंगणात चालवली होती. जावई खूश झाला, रबराची राख झाली.

आणि एक लाल दोरी असते. टेलिफोनच्या वायरसारखी वळ्यावळ्यांची. तिच्या एका टोकाला क्लिप, ती मोटरीच्या बंद करायच्या बटणाखाली बसते. दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी क्लिप ओढून काढते आणि मोटर तिथेच बंद होते. दोरी नसेल, तर रिकामी नाव थांबत नाही. हँडल एका बाजूला पडतं, नाव गोल फिरते, आणि फिरून नेमकी पडलेल्या माणसावरच येते. खाली पंखा चालूच असतो.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि मी लोकांना सांगतही होतो. तरी हरप्रसादच्या बाबतीत व्हायचं ते झालं.

हरप्रसाद केवट, म्हणजे नावाडी, माझ्याच वयाचा. धरणाच्या पाण्यापलीकडच्या गावाची नाव तो चालवायचा, त्याच्या आधी त्याचे वडील. नावेत उभं राहून लांब बांबू, म्हणजे लग्गी, तळाला टेकवत नाव पुढं रेटायची हे त्याचं आयुष्य. धरणाचं पाणी वाढलं तशी काही ठिकाणी लग्गी टेकेनाशी झाली, तेव्हा गावानं मिळून मोटर घेतली. बसवायला मी गेलो. काठावर अर्धं गाव जमलेलं. हरप्रसादची बायको रामकली ताटात नारळ, कुंकू, झेंडूची माळ आणि मौलीचा गुंडा घेऊन उभी. मौली म्हणजे पूजेत बांधतात तो लाल-पिवळा धागा.

"पंडितजी, पूजा आप ही करोगे," हरप्रसाद म्हणाला.

हे नेहमीचंच. मराठी पंडिताच्या हातून मोटरही बसते आणि पूजाही होते, दुसरा माणूस बोलवायला नको. मला गणपतीची आरती आणि अर्धवट आठवणारी दोन स्तोत्रं येतात. तीच मी प्रत्येक मोटरीपुढे पुटपुटायचो आणि घरी येऊन बायकोला सांगायचो, की आज पुन्हा लोकांना फसवून आलो. ती म्हणायची, "देवाला माहीत आहे तुम्ही मिस्त्री आहात ते."

नारळ फुटला. मी मौलीचे वेढे मोटरीच्या गळ्याला, जिथे हँडल जोडलेलं असतं तिथे, चांगले घट्ट दिले. वर झेंडूची माळ. उरलेली मौली हरप्रसादच्या मनगटाला बांधली. मग शिकवायला लागलो. पेट्रोल, तेल, पाण्याची धार, गवत. हरप्रसाद हुशार. धार बघून म्हणाला, "समझ गए. मशीन पेशाब कर रही है माने सेहत अच्छी है." लोक हसले. रामकली खोबरं वाटू लागली, पोरं धावली, गलका झाला, आणि मी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात शेवटी, त्या गलक्यात सांगितली. दोरीची. हरप्रसाद तेव्हा मोठ्यांच्या पाया पडत होता. त्यानं मान हलवली. मी समाधानानं निघालो.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा ती लाल दोरी मला दिसली. क्लिप बटणाखाली बरोबर बसवलेली, आणि बाकीची सगळी दोरी मौलीवरून मोटरीच्या गळ्याला वेढे घालून गाठ मारलेली. वर ताजी झेंडूची माळ. आमच्या भागात ट्रकला, ट्रॅक्टरला, शिलाईच्या मशीनला, दुकानदाराच्या तराजूलासुद्धा लाल धागा बांधतात. त्यात पंडितानं एक बांधलेला, कंपनीनं आणखी एक लाल दोरी दिलेली. हरप्रसादनं ती भक्तिभावानं जिथली तिथे बांधली होती.

"भैया, ये डोरी हाथ में बाँधनी थी."

"हाथ में तो है," त्यानं मनगटावरची फिकी पडलेली मौली दाखवली. "एक हाथ में, एक मशीन में. आपने ही तो बाँधी थी."

"वो अलग थी. ये वाली खोल दो."

"पूजा का धागा खोलते नहीं, पंडितजी. अपने से गिरता है." आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की हा पंडित आहे तरी कुठला.

मी नवी दोरी आणून दिली. ती त्यानं घरात देवाजवळ ठेवली. त्याची मोटर दुकानात दुरुस्तीला आली तेव्हा मी दुकानातली दुसरीच मोटर पाण्याच्या पिंपाला लावून चालू केली, तिची दोरी स्वतःच्या मनगटाला बांधली आणि मागं सरलो. क्लिप निघाली, मोटर थांबली. हरप्रसाद स्टुलावर चहा पीत बघत होता.

"ये तो ज़मीन है," तो म्हणाला.

"पानी में भी यही होगा."

मग त्यानं खरं कारण सांगितलं. "हमारे बाप कहते थे, नाव में सब कुछ बाँधो, अपने को मत बाँधो. नाव डूबे तो आदमी अलग रहे. और आप कहते हो मशीन से हाथ बाँध लो. मशीन तो पत्थर की तरह जाएगी नीचे. संग में हम."

त्याच्या वडिलांचं म्हणणं बरोबर होतं. लग्गीच्या नावेत ते शंभर टक्के बरोबर. दोरी मोटरीपासून सुटते, माणूस मोटरीला अडकत नाही, हे मी परत परत सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि चहाचा कप विसळून ठेवला.

"और तुम गिर गए तो?"

"हम गिरते नहीं. गिरने वाले केवट की नाव में कौन बैठेगा?"

मी रामकलीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "हमसे काहे कहते हो? इनसे ज़्यादा तो मशीन सुनती है."

घरी मी बायकोला म्हटलं, त्याची मोटर हातातच घेणार नाही, म्हणजे तो ताळ्यावर येईल. ती म्हणाली, "मग तो दुसऱ्याकडे जाईल. तिथे कोणी दोरीबद्दल विचारेल तरी का?" म्हणून मी घेत राहिलो. सकाळी शाळेची पोरं घेऊन तो निघाला असेल, या विचारानं माझा चहा कडू व्हायचा. पोरं उतरल्यावर तो एकटा परततो, तेव्हाची भीती जास्त. पोरांना निदान मी लाइफ जॅकेटं घालायला लावली होती. म्हाताऱ्या बायका मात्र ती खाली घेऊन त्यांवर बसत.

पावसाळा संपून पाणी उतरू लागलं होतं. हा काळ वाईट. धरणात बुडालेली जुनी झाडं आहेत, त्यांची खोडं पाण्याखाली हातभरच अंतरावर येतात आणि वरून दिसत नाहीत. मी हरप्रसादच्या मोटरीचा रबरी पंखा बदलला होता आणि सकाळी पाण्यावर तपासायला त्याच्या नावेत बसलो होतो. रामकली शिंगाड्यांची पोती आणि तराजू घेऊन बाजाराला निघाली होती. आम्ही तिघंच. मी पुढच्या टोकाला. हरप्रसाद मागं उभा. बसून नाव चालवणं त्याला म्हाताऱ्यासारखं वाटे, म्हणून त्यानं हँडलला प्लास्टिकच्या पाइपचा लांब तुकडा चढवला होता, तो धरून उभ्यानंच चालवायचा.

"धार देखो पंडितजी, कैसी मार रही है," तो म्हणाला.

मी धार बघायला वळलो आणि त्याच वेळी खालून ठोका बसला. मोटरीचा पाय खोडावर आपटून वर उसळला, नाव अडखळली, पाइप हँडलवरून निसटला. हरप्रसाद हातात नुसता पाइप घेऊन मागच्या मागं पाण्यात गेला. मोटर पुन्हा खाली बसली आणि जोरात चालू लागली. हँडल एका बाजूला पडलं. नाव वळली.

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो तेच माझ्यासमोर होत होतं. रामकली उभी राहिली. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. पाण्याकडे बघून ती ओरडत होती, "सुनो. सुनो." मी पोत्यांवरून रांगत मागं गेलो. बटण कुठे आहे ते मला डोळे मिटून सापडतं. माझं बोट तिथे गेलं आणि हाताला लागली मौली. मी दिलेले घट्ट वेढे, त्यावर दोरीचे वेढे, त्यात चेंगरलेला ओला झेंडू. बटण त्या सगळ्याखाली होतं. हरप्रसाद रोज पेट्रोलची कळ फिरवून मोटर बंद करायचा, पण त्यानं ती लगेच थांबत नाही. मी नखांनी ओरबाडलं. नाव गोल फिरून परत येत होती, आणि पुढं पाण्यात हरप्रसादचं डोकं मला दिसलं. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि तो खाली गेला.

मग माझा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर पडला. दांडा ओढला, हँडल पिळून वेग उतरवला. पंखा थांबला, इंजिन नुसतं घुमत राहिलं. पण नाव त्या जागेवरून गेलेली होती.

तेवढ्या वेळात काय काय मनात आलं ते लिहीत नाही.

तो दुसऱ्या बाजूला वर आला, खोकत. रामकलीनं लग्गी पुढं केली. त्यानं ती धरली आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला वर ओढलं. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. नावेच्या तळाशी तो बसून राहिला.

"पंखा ऊपर से गया," तो म्हणाला. "बालों में हवा लगी, पानी के अंदर."

रामकली पोत्यांमागे चाचपून म्हणाली, "तराज़ू गया."

"हम जा रहे थे, तुम्हें तराज़ू की पड़ी है?"

"तुम तो तैरते हो. तराज़ू नहीं तैरता." आणि हे म्हणताना तिचे डोळे वाहत होते.

हरप्रसादनं कमरेचा चाकू काढला, अडकलेलं गवत कापायचा. मोटरीच्या गळ्याशी नेला आणि थांबला.

"पंडितजी, काटने का कोई विधान है?"

मी म्हटलं, "हम पंडित नहीं हैं, हरप्रसाद. मिस्त्री हैं. हमें कुछ नहीं आता. हमने ही बाँधी थी, बटन के ऊपर."

"वो तो हमें पहले दिन से पता है, आरती गलत गा रहे थे," तो म्हणाला. "पर काटने को तो कोई चाहिए."

चाकू त्यानं माझ्या हातात दिला. मी मौली कापली, बटण दाबून इंजिन बंद केलं आणि दोरी सोडवली. तो मौली पाण्यात सोडणार होता, मी त्याचा हात धरला, धागा पंख्यात गुंडाळला तर आतलं सील कापतो. काठावर विसर्जन कर म्हटलं. त्यानं ती कपाळाला लावली आणि रामकलीच्या पदरात दिली. मग ओला हात माझ्यापुढं धरला. मी लाल दोरी त्याच्या मनगटाला बांधली. मनात एकही स्तोत्र आलं नाही, क्लिप नीट बसली आहे का एवढंच बघत होतो.

त्यानं मोटर चालू केली. दोरीकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि आम्हाला काही न सांगता मुद्दाम पाण्यात उडी मारली.

मोटर गप्प झाली. नाव थोडी पुढं सरकून डुलत थांबली. हरप्रसाद दोन हात अंतरावर पोहत होता, मनगटाला दोरी, दोरीच्या टोकाला क्लिप. त्यानं ती वर धरून बघितली.

"आदमी अलग," तो म्हणाला. "मशीन चुप."

"हाँ."

"ये पहले काहे नहीं कहा कि बाप वाली ही बात है?"

मी सांगितलं होतं. पण त्याच्या वडिलांचं नाव घेऊन सांगायचं मला सुचलं नव्हतं. तो वर चढला, पुन्हा मोटर चालू केली, पुन्हा उडी मारायच्या बेतात होता. रामकली म्हणाली, "बाज़ार उठ जाएगा. फिर खेलना दोनों."

तेव्हापासून मी मोटरीला मौली बांधत नाही. पूजेला बोलावतात, मी जातो, नारळ फोडतो. पण धागा फक्त चालवणाऱ्याच्या मनगटाला, आणि त्याच्याच शेजारी लाल दोरी. मोटरीचा गळा मोकळा. बटणावर फूलही नाही. दोरी मनगटाला बांधायची ही रीत इतर घाटांवर कशी पसरली ते मला नंतर कळलं. एक दिवस हरप्रसाद पलीकडच्या घाटावरच्या दोन केवटांना घेऊन दुकानात आला. दोघांच्या मोटरी जुन्या, दोरी कोणीच वापरत नव्हतं. हरप्रसाद त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगत होता, की ही दोरी मराठी पंडितांच्या हातची आहे, मंत्र घातलेली आहे. ही मनगटाला असेल तोवर नदी माणसाला सोडून देते, आणि मशीनला लाज वाटून ते थांबतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नहीं भैया, इसमें मंत्र-वंत्र कुछ नहीं है. देखिए, ये क्लिप जो है, ये बटन के नीचे..."

"आप चुप रहो, पंडितजी," हरप्रसाद म्हणाला. "आपके समझाए तो हम भी नहीं समझे थे."

दोघा केवटांनी आपापले उजवे हात पुढं केले. मी गप्प बसलो आणि बांधायला लागलो.